स्क्वीलरची अहिराणी

जॉर्ज ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ ही कादंबरी अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशच्या बोलीत, आणताना तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मी एका शब्दाला अडकले आणि आठवडाभर तिथेच राहिले. प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जनावरांनी जोन्स या शेतमालकाला हाकलून शेत ताब्यात घेतलंय. सगळं सगळ्यांचं असं ठरलंय. पण गायींचं दूध आणि बागेतली सफरचंदं डुकरंच खाताहेत असं हळूहळू लक्षात येतं. जनावरं कुरकुर करतात, तेव्हा स्क्वीलर नावाचं गुबगुबीत, चपळ डुक्कर समजूत घालायला येतं. बोलताना ते इंग्रजीत ‘वुई’ म्हणतं. मला ते अहिराणीत आणायचं होतं आणि मराठीप्रमाणे अहिराणीतही ‘वुई’ला शब्द दोन आहेत. ‘आपन’ म्हटलं की ऐकणारा घरात येतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो ओट्यावरच राहतो. इंग्रजी वाचकाला हा निवाडा करावा लागत नाही. मला तो केल्याशिवाय पुढचं वाक्य लिहिता येईना.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा गावातून आम्ही काही जण तिन्ही दिवस जाऊन आलो. परतताना गाडीत ठरलं की महिन्यातून दोनदा एकत्र बसून काहीतरी मोठ्याने वाचायचं. मंडळ छोटंसंच. कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारा एक मुलगा, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले अण्णा, आणि माझ्या शेजारच्या मोठी माय. मोठी माय कधी शाळेत गेल्या नाहीत. पण कानबाईची, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, जात्यावरची इतकी गाणी त्यांना पाठ आहेत, की ऐकायला बसलं तर रात्र पुरत नाही.

‘ॲनिमल फार्म’ घ्यायचं मी सुचवलं. जॉर्ज ऑर्वेल १९५० साली जानेवारीत गेले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणून परवानगीची अडचण नव्हती. त्याहून मोठं कारण वेगळं होतं. बी.ए.ला असताना हे पुस्तक मी परीक्षेसाठी वाचलं होतं. सत्ता बळकावणारं डुक्कर नेपोलियन म्हणजे स्टालिन, त्याचा प्रतिस्पर्धी स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, बंडाचं स्वप्न दाखवणारं म्हातारं डुक्कर ओल्ड मेजर म्हणजे थोडा मार्क्स थोडा लेनिन, अशी जोड्या लावा छापाची टिपणं पाठ केली होती. त्या टिपणांत कोण कसं बोलतं याबद्दल एक ओळही नव्हती. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं ठरलं तेव्हा मात्र आधी तेच ठरवणं भाग पडलं, कारण आवाज कोणता लावायचा हे माहीत नसेल तर वाचणार कसं?

मग एक वही केली. एकेका पात्राला एकेक पान दिलं आणि ते पात्र जे जे बोलतं ते तिथे उतरवून काढलं. उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे कामाला बरकत आली. वही भरत गेली तशी एक गोष्ट डोळ्यांत भरली. नेपोलियनचं पान जवळजवळ रिकामं होतं. ऑर्वेलने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की तो फारसा बोलत नाही, पण आपलं म्हणणं खरं करून घेतो अशी त्याची ख्याती आहे. दुधाच्या बादल्यांचं काय करायचं असं कोणीतरी विचारतं तेव्हा बादल्यांसमोर उभा राहून तो म्हणतो, दुधाचं सोडा, कापणी महत्त्वाची. अहिराणीत आम्ही ते ‘दूधनं पाही लिसूत’ असं केलं. संध्याकाळी दूध गायब. या एवढ्याशा वाक्यात तो माणूस, म्हणजे ते डुक्कर, पुरतं दिसतं. पुढे त्याच्याकडे कुत्रे आले आणि बोलायची गरजच उरली नाही.

स्क्वीलरला मात्र चार पानं लागली. बॉक्सर नावाच्या घोड्याला एक पानही लागलं नाही, कारण त्याची दोनच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. ‘मी आखो काम करसू’ आणि ‘नेपोलियन म्हनस ते खरं’. पहिलं वाक्य त्याचं स्वतःचं आहे. दुसरं त्याने नंतर उचललंय. फॅट मोजणाऱ्या मुलाकडे बॉक्सर होता. त्याने ही दोन वाक्यं वेगवेगळ्या आवाजात म्हणून दाखवली. पहिलं छाती भरून आणि दुसरं शाळेत पाढे म्हणतात तसं. मी त्याला हे सांगितलेलं नव्हतं.

स्क्वीलरचं अहिराणीत काही केल्या बसत नव्हतं. धान्याचा वाटा कमी होतो तेव्हा तो ‘कमी केलं’ असं म्हणत नाही. तो त्याला वाट्याची ‘फेरजुळणी’ म्हणतो. इंग्रजी शब्द ‘रीॲडजस्टमेंट’. मला पटकन सुचेना, आणि मग सुचला तेव्हा अंगावर काटा आला. समायोजन! काही वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या शाळेची पटसंख्या घसरली, मी ‘अतिरिक्त’ ठरले आणि माझ्या हातात एक पत्र आलं. ‘आपले समायोजन करण्यात येत आहे.’ घरी आजारी सासू, मुलगी दहावीला, आणि रोजचा येऊनजाऊन ऐंशी किलोमीटरचा प्रवास. पण त्या पत्रात कोणी कोणाला काही केलेलंच नव्हतं. समायोजन आपलं आपण येत होतं, जसा पाऊस येतो. भांडायला गेले तर समोर बसलेल्या साहेबांनीही तेच वाक्य वाचून दाखवलं. त्यांचा दोष होता असं मी म्हणत नाही. वाक्यच असं होतं की त्यात दोष ठेवायला जागा नव्हती.

‘करण्यात येत आहे’ ही आपल्या कचेरीच्या मराठीची खास रचना. कर्ता हळूच काढून घ्यायचा आणि क्रियापद तसंच उभं ठेवायचं. अहिराणीत हे करून पाहिलं, पण आमच्यातल्या कोणालाच जमलं नाही. अहिराणीत बोलायला लागलं की कोणीतरी करतं, कोणीतरी नेतं, कोणीतरी खातं. धान्य कोन्ही कमी करं, हे तोंडातून निघूनच जातं. तेव्हा मी ठरवून टाकलं की सगळी जनावरं अहिराणी बोलतील आणि एकटा स्क्वीलर शुद्ध, छापील मराठी बोलेल. ‘वाट्याचे समायोजन करण्यात येत आहे.’ ‘रविवारच्या सभा रद्द करण्यात आल्या आहेत.’ ‘डुकरांच्या बौद्धिक श्रमांचा विचार करता दूध व सफरचंदे त्यांच्यासाठी राखून ठेवणे आवश्यक समजण्यात आले आहे.’ मुलींना ही कल्पना फार आवडली. मलाही माझ्या शोधाचा अभिमान वाटला, हे सांगायला हवं.

ऑर्वेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर लिहिलेल्या निबंधात हेच सांगितलंय. कर्तरी प्रयोग चालत असेल तिथे कर्मणी वापरू नका. हे सांगणारा माणूस प्रचाराचं यंत्र आतून पाहून आलेला होता. त्याचा जन्म आपल्या बिहारमधल्या मोतीहारीचा. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात होता आणि हिंदुस्थानसाठी भाषणं तयार करायचा. नोव्हेंबर १९४३मध्ये त्याने ही नोकरी सोडली, त्याच सुमारास ‘ॲनिमल फार्म’ लिहायला घेतलं आणि तीनचार महिन्यांत संपवलं. त्या काळात रशिया ब्रिटनच्या बाजूने लढत होता. एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला आणि पुस्तक बाहेर यायला १७ ऑगस्ट १९४५ उजाडला. स्क्वीलरची वाक्यं इतकी नेमकी का उतरलीत, याचं उत्तर मला त्या बीबीसीच्या दोन वर्षांत दिसतं.

आखाजी झाली. पहिली तालीम शाळेच्या व्हरांड्यात घेतली. मोठी माय खांबाला टेकून ऐकत होत्या. एका मुलीने स्क्वीलरचं भाषण छापील मराठीत झोकात म्हटलं. संपल्यावर मोठी माय बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मला विचारलं, “मतं मांगाले येतस तव्हय ते कोनती भाषा बोलतस?”

मला काय बोलावं सुचलं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. ओट्यावर येऊन बसतात, चहा घेतात, ‘काय माय, कशी शेस’ म्हणून पायाला हात लावतात, तेव्हा कोणी छापील मराठी बोलत नाही. तेव्हा अस्सल अहिराणीच असते आणि फार गोड असते. अहिराणी म्हणजे भोळं आणि प्रमाण मराठी म्हणजे लबाड ही माझी विभागणी आमच्याच बोलीची खोटी स्तुती करणारी होती. त्या खोट्या स्तुतीचा फायदा घेणारे लोक आम्ही दर निवडणुकीला पाहतो. बोलीला निष्पाप ठरवलं की त्या बोलीत बोलणाऱ्या लबाडाला ओळखायची ताकदच आपण गमावतो. एवढं साधं मला दिसलं नव्हतं, कारण ती चार पानं भरताना माझा सगळा राग त्या समायोजनाच्या पत्रावर होता.

स्क्वीलर पुन्हा लिहायला घेतला आणि तेव्हा तो ‘आपन’-‘आम्ही’चा गुंता आपोआप सुटला. आता तो सुरुवात अहिराणीत करतो. “भो, आपन बठ्ठा एकच!” इथे ‘आपन’. शेपटी हलवत, इकडून तिकडे उड्या मारत. मग दुधाची गोष्ट आली की भाषा बदलते. तिथे ‘आम्ही’ येतो, शास्त्र येतं, ‘सिद्ध झाले आहे’ येतं, कर्ता पळून जातो. डुकरांना दूध आवडत नाही, पण त्यांना ते घ्यावं लागतं, कारण सगळी मेहनत डोक्याची! आणि कोणी प्रश्न विचारायच्या आत तो परत अहिराणीत उडी मारतो. “तुम्हले जोन्स परत पाहिजे का?” भीती घालायची तर घरचीच भाषा लागते. ज्या क्षणी तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो, त्या क्षणी तो काय लपवतोय ते उघडं पडतं. आम्ही संहितेत त्या जागांना लाल रेघ मारली. पूर्ण पुस्तकात अशा एकवीस जागा निघाल्या.

‘आम्ही’ कोण म्हणतं हे बघायची सवय लागल्यावर स्नोबॉलबद्दलही माझं मत बदललं. कॉलेजात आम्ही त्याला बिचारा समजत होतो. हुशार, उत्साही, पवनचक्कीचे नकाशे काढणारा, पुढे हाकलून दिलेला. पण दुधासफरचंदांच्या वेळी सगळ्या डुकरांचं एकमत होतं, त्यात स्नोबॉलही होता. शिवाय भिंतीवरचे सात नियम मंद जनावरांना पाठ होत नाहीत म्हणून त्यांचा एका घोषणेत अर्क काढणारा तोच. चार पाय भले, दोन पाय बुरे. हेतू चांगला होता. पण मेंढ्यांना ती घोषणा मिळाली आणि पुढे सभेत कोणी विरोधात बोलायला उभं राहिलं की मेंढ्या तीच ओरडायला लागल्या. स्वतः स्नोबॉलच्या भाषणातही. सोपं करून सांगणं हे आम्हा शिक्षकांचं रोजचं काम आहे, म्हणून या जागेशी मी फार वेळ थांबले. मुलांना नियमामागचं कारण न देता नुसता नियम पाठ करायला लावला की मीही मेंढ्याच तयार करत असते, असं मला त्या उन्हाळ्यात वाटलं आणि अजून वाटतं.

घोषणेवरून मंडळात वाद झाला. एका मुलीचं म्हणणं, घोषणा वाईटच, ती विचार बंद करते. अण्णा मूळचे नंदुरबारकडचे. ते उसळून म्हणाले, “मग शिरीषकुमारचं काय?” ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली होती. ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ अशी गुजराती घोषणा देत ती पोलिसांच्या बंदुकांसमोर उभी राहिली. शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे चार सोबती त्या गोळीबारात गेले. अण्णांनी हे लहानपणापासून ऐकलेलं. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. नंतर बॉक्सर करणारा मुलगा म्हणाला की शिरीषकुमारच्या घोषणेने समोरच्या बंदुकीला उत्तर दिलं, मेंढ्यांची घोषणा बंदूकवाल्याच्या बाजूने दुसऱ्याचं बोलणं बुडवते. मी त्या दिवशी यात काही भर घातली नाही. आजही घालावीशी वाटत नाही.

आकडेवारीच्या जागा आम्ही भराभर वाचल्या. कागदाची लांब पट्टी धरून स्क्वीलर दर रविवारी सांगतो की अमुक उत्पादन दोनशे टक्क्यांनी वाढलं, तमुक तीनशे, तमुक पाचशे. जनावरांना कधी कधी वाटतं, आकडे थोडे कमी आणि खाणं थोडं जास्त मिळालं असतं तर बरं झालं असतं. ऐकणाऱ्यांना या ओळीवर काही समजावून सांगावं लागलं नाही.

बॉक्सरच्या एका प्रसंगावर मात्र तीन तालमी गेल्या. स्नोबॉल पहिल्यापासूनच फितूर होता असं स्क्वीलर सांगतो. बॉक्सरला ते पटत नाही. गोठ्याच्या लढाईत स्नोबॉल कसा लढला ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्या पाठीवरचं रक्त पाहिलंय. तो तसं म्हणतो. इथे तो पाठ केलेलं काही बोलत नाही. स्क्वीलर पुरावे देतो, बॉक्सर तरी हटत नाही. मग स्क्वीलर सावकाश, ठामपणे सांगतो की कॉम्रेड नेपोलियनने हे जाहीर केलंय. बॉक्सर म्हणतो, मग गोष्ट वेगळी, नेपोलियन म्हनस ते खरं.

या दोन वाक्यांच्या मध्ये किती थांबायचं? मुलगा पहिल्यांदा लगेच म्हणून मोकळा झाला. ऐकायला बॉक्सर मूर्ख वाटला. दुसऱ्यांदा खूप थांबला, तेव्हा बॉक्सर घाबरलेला वाटला. बॉक्सर मूर्खही नाही आणि भित्राही नाही. मी त्याला विचारलं, तू कधी असं केलंयस का, स्वतःचं बरोबर असून मागे घेतलंयस? तो म्हणाला, हो, रोज. केंद्रावर एखादा शेतकरी फॅटवरून वाद घालतो आणि ‘मशीनमा तेच येस’ म्हटलं की गप्प बसतो. त्या शेतकऱ्याला आपल्या म्हशीचं दूध कसं आहे ते ठाऊक असतं, पण यंत्रापुढे तो स्वतःच्या हातावर विश्वास ठेवत नाही. मग त्याने त्या शेतकऱ्यासारखं म्हटलं. मान खाली नाही, आवाज खाली नाही, फक्त हात खाली आले. तसंच ठेवलं.

यानंतर स्क्वीलर बॉक्सरकडे वाईट नजरेने पाहतो. तोंडाने मात्र त्याचं कौतुकच करतो. चार पानं भरून बोलणाऱ्या स्क्वीलरचं सगळ्यात खरं वाक्य हीच नजर आहे, असं मला वाटतं. चारच दिवसांनी कुत्रे बॉक्सरच्या अंगावर जातात.

त्या दिवशी जनावरांची कत्तल होते आणि पुढचा प्रसंग क्लोव्हर घोडीचा आहे. ती टेकडीवर बसून खालचं शेत पाहते. मनात खूप काही आहे, पण बोलायला शब्द नाहीत. म्हणून ती ते जुनं गाणं म्हणायला लागते, जे ओल्ड मेजरने शिकवलं होतं. बाकीची जनावरं सुरात सूर मिसळतात, तीनदा म्हणतात, हळू, कधी म्हटलं नव्हतं अशा दुःखाने. आणि लगेच स्क्वीलर येऊन सांगतो की हे गाणं आता रद्द केलं आहे.

क्लोव्हर मोठी मायनी करावी असं मी सुचवलं. त्यांनी आधी नाही म्हटलं. वाचता येत नाही, म्हणाल्या. मी सांगितलं, इथे वाचायचं काहीच नाही, क्लोव्हरलाही शब्द जुळवून वाचता येत नाही. तिला अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. नियमात बदल झाल्याची शंका आली की ती म्युरिएल शेळीला भिंतीवरचं वाचायला लावते आणि शेळी जे वाचेल ते मान्य करते. तिला आठवतं एक आणि भिंतीवर असतं दुसरं. पलंगावर झोपू नये याला चादरीची शेपूट जोडलेली, दारू पिऊ नये याला ‘अति’ चिकटवलेलं, मारू नये याच्यामागे ‘विनाकारण’. दर वेळी जनावरं आपल्याच आठवणीला खोटं ठरवतात.

हे ऐकून मोठी माय चिडल्या. भिंतीवर लिहिलंच कशाला, त्याचं गाणं करायचं होतं, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या आजीची गाणी त्यांना येतात. त्यांत एक शब्द बदलला तर दहा बाया म्हणतील की असं नव्हतं. रात्रीतून शिडी लावून गाण्याला कोण रंग फासणार? मला बहिणाबाई आठवल्या. आसोद्याच्या त्या माउलीला लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी ऐकून टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, पुस्तक निघालं. गाण्यात ताकद नसती तर नेपोलियनने गाण्यावर बंदी का घातली असती? पण कॉलेजातल्या मुलीने लगेच दुसरी बाजू मांडली. मेंढ्यांची घोषणाही तोंडीच होती, आणि स्क्वीलरने मेंढ्यांना आठवडाभर बाजूला नेऊन ती उलटी करून घेतली. दोन पाय अधिक भले, असं त्या म्हणायला लागल्या आणि कोणीच म्हणालं नाही की असं नव्हतं. मोठी मायनी यावर विचार केला. मेंढ्यांना अर्थ कधी कळलाच नव्हता, म्हणाल्या, पाठ करणं वेगळं आणि याद असणं वेगळं. दोन्हींत फरक काय, हे मी त्यांना खोदून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “याद शे ते दुखस.” आठवण असते ती दुखते.

क्लोव्हर त्यांनीच केली. इंग्रजी गाण्याच्या जागी आखाजीला माहेर आठवून म्हणतात त्यातलं एक गाणं घेतलं, शब्दांशिवाय, नुसता सूर.

शेवटचा नियम अवघड गेला. मराठीला इंग्रजीसारखं तुलनेचं रूप नाही. ‘अधिक समान’ हे पुस्तकी वाटतं. अहिराणीत ‘बठ्ठा सारखा, पन काही जन जास्ती सारखा’ असं केलं. कॉलेजात हे वाक्य मी खाली रेघ मारून वाचलं होतं. गावात ते वाचलं गेलं तेव्हा लोक हसले आणि हसता हसता एकमेकांकडे पाहायला लागले.

अभिवाचन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवलं, मारुतीच्या पारासमोर. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला वाटत होता. बॉक्सरचा बैल करावा का, यावर आधी चर्चा झालेली. अण्णा म्हणाले, आपल्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा एवढा बाजार भरतो, घोडा आपल्याला परका कसा? घोडाच ठेवला. पण समोर बसलेल्यांनी बैलच पाहिला असणार. मी तरी पाहिला. मी आठ वर्षांची असताना आमचा म्हातारा बैल घरातून गेला. वडिलांनी सांगितलं, मामाच्या गावाला चरायला पाठवलाय. पुढच्या पोळ्याला मी त्याच्यासाठी गोंडे काढून ठेवले, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं की तो त्यांनी विकला. ‘विकला गेला’ असं ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी ते पुरणपोळी जेवले नाहीत.

बॉक्सरला न्यायला गाडी येते तो प्रसंग आला. जनावरं गाडीमागे जमून निरोप देताहेत आणि बेंजामिन गाढव धावत येतं. सबंध पुस्तकात त्याला कोणी धावताना पाहिलेलं नाही. ते ओरडतं, मूर्खांनो, गाडीवर काय लिहिलंय दिसत नाही का? म्युरिएल अक्षरं जुळवायला लागते, बेंजामिन तिला बाजूला ढकलून स्वतः वाचतं. गाडी घोड्यांच्या खाटकाची आहे. अण्णांनी ते वाचलं, बसच्या पाट्या वाचून दाखवायचे त्या सपाट आवाजात. पारावर एक मूल रडायला लागलं.

नंतर स्क्वीलर येतो. गाडी आता जनावरांच्या डॉक्टरने विकत घेतलीय, जुनं नाव पुसायचं राहून गेलं, असं सांगतो. आम्ही हे अख्खं भाषण अहिराणीत ठेवलं होतं, लाल रेघ एकही नाही. डोळे पुसत, ‘आपन’ म्हणत. बॉक्सरच्या अखेरच्या घटकेला मी उशाशी होतो, म्हणतो. कोणी हसलं नाही. आणि काही दिवसांनी डुकरांच्या घरात व्हिस्कीची पेटी येते, पैसे कुठून आले कोणाला कळत नाही, हे मी वाचलं तेव्हा मागच्या बाजूने एकाने हळूच एक शिवी दिली.

वाचन संपलं. चहा झाला. लोक पांगत होते. वयस्क एक बाबा, आदल्या दिवशी बैल मिरवून दमलेले, काठी टेकत अण्णांपाशी आले. “याले वाचता येस,” गाढवाबद्दल ते म्हणाले, “मंग आधी का बोलना नही?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी संहिता उघडली. बेंजामिनला डुकरांइतकंच वाचता येत होतं. भिंतीवरचे नियम बदलत गेले तेव्हा तो तिथेच होता. क्लोव्हरने त्याला एकदा वाचायला सांगितलंही होतं, तेव्हा त्याने या भानगडीत पडत नाही म्हणून नकार दिला. बॉक्सर गेल्यावर तो आणखी गप्प झाला, एवढंच पुस्तकात आहे. बाबांच्या प्रश्नाच्या जागी त्याला एकही वाक्य नाही. बाबा थोडा वेळ उभे राहिले, मग पाराला वळसा घालून आपल्या बैलांकडे गेले. अण्णा मात्र तिथेच बसून राहिले, आणि पुढच्या खेपेला गाढव दुसऱ्या कोणाला दे, असं मला म्हणाले.